काम खडतर आहे की ऑफिस टॉक्सिक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचआरमध्ये काम करताना लोक दार लोटून घेऊन, आवाज खाली आणून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्या, बँका, सीए फर्म आणि कॉल सेंटरांमधले असतात, म्हणून उदाहरणंही तिथलीच आहेत. कामाच्या तासांचा कायदा दिला आहे तो महाराष्ट्राचा.

## काम खूप आहे. म्हणजे ऑफिस टॉक्सिक आहे का?

तेवढ्यावरून नाही म्हणता येत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात रात्री अकरालाही दिवे चालू असतात, कारण टॅक्स ऑडिटची ठरलेली मुदत ३० सप्टेंबर असते. मार्चअखेरीला बँकेच्या शाखेत हीच तऱ्हा. सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आठवड्यात टीमची टीम ऑफिसातच जेवते. या ताणाचं कारण सगळ्यांना दिसत असतं, त्याला तारीख असते आणि ती उलटली की माणसं रजा टाकून गावी जाऊन येतात. थकवा खराच असतो. पण त्यात कुणी कुणाचा पाणउतारा केलेला नसतो.

अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी कर्मचाऱ्यांनी आपापल्या कंपन्यांबद्दल ऑनलाइन लिहिलेले अभिप्राय तपासले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. टॉक्सिक संस्कृतीची पाच लक्षणं त्यांना सापडली: अनादर, काही लोकांना वगळणं, अप्रामाणिक व्यवहार, गळेकापू स्पर्धा आणि वरिष्ठांकडून होणारा छळ. या पाचांत ‘काम जास्त’ हे लक्षण नाही. लोक नोकरी का सोडतात हे पगारापेक्षा टॉक्सिक संस्कृतीवरून दहापट नेमकं सांगता येतं, असंही त्यांना आढळलं. राजीनामा देणाऱ्यांशी शेवटच्या दिवशी बोलताना मलाही हेच ऐकू येतं. कारणाच्या रकान्यात ‘चांगली संधी’ लिहिलेलं असतं आणि अर्धा तास बोलल्यावर एका माणसाचं नाव निघतं.

## ओळखण्याची एकच कसोटी सांगायची झाली तर?

तुमच्या ऑफिसात कुणी ‘हे शुक्रवारपर्यंत होणार नाही’ किंवा ‘ही चूक माझ्याकडून झाली’ असं मोठ्याने म्हटलं, तर पुढे काय होतं ते पाहा. लगेच काय होतं तेही पाहा आणि पुढच्या महिना-दोन महिन्यांत काय होतं तेही.

कडक पण निरोगी ऑफिसात साहेबांच्या कपाळाला आठी पडेल. कदाचित चांगलीच कानउघाडणी होईल. पण लगेच पुढचा प्रश्न येईल: मग कधी होईल, कुणाची मदत हवी, क्लायंटला काय सांगायचं? आठवड्याने तो विषय कुणाच्या लक्षातही नसेल. टॉक्सिक ऑफिसात त्या क्षणी कदाचित काहीच होणार नाही. साहेब हसून ‘ठीक आहे’ म्हणतील. मग तुमचं नाव मीटिंगच्या यादीतून गळेल, ॲप्रेझलला ‘दृष्टिकोन सकारात्मक नाही’ असा शेरा येईल आणि चहाला बोलावणारे दोघं-तिघं बोलवेनासे होतील. हे बघून बाकीचे लोक काय शिकतात? चूक लपवायची, होणार नसलं तरी ‘होईल’ म्हणायचं आणि बिघडलं की खापर फोडायला कुणीतरी हाताशी ठेवायचं.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापक. त्यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या पथकांकडून औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या पथकांत चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या पथकांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या, कारण तिथल्या परिचारिका चूक झाली की उघड सांगत होत्या. वाईट वातावरणात चुका दडपल्या जात होत्या. तुमच्या टीममध्ये गेल्या सहा महिन्यांत कुणीच चूक कबूल केलेली नसेल, तर ते टीम हुशार असल्याचं लक्षण समजू नका. तिथे भीती आहे.

## आमचे साहेब ओरडतात. म्हणजे टॉक्सिकच ना?

ओरडणं वाईटच, पण त्यावरून निकाल लावता येत नाही. ओरडण्याचा रोख कशावर आहे ते ऐका. ‘हा रिपोर्ट असा पाठवलास कसा, आकडे तरी जुळवायचेस’ ही कामाची खरडपट्टी झाली. ‘तुझ्याच्याने काही होणार नाही, कुणी घेतलं तुला इथे’ हा माणसावर हल्ला आहे. एकांतात बोलणं आणि चारचौघांत बोलणं यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ते सगळ्यांवर ओरडतात की ठरावीक एक-दोघांवरच, हेही पाहा.

कधीच आवाज न चढवणारे वरिष्ठ जास्त त्रासदायक असू शकतात. कामाला लागणारी माहिती मुद्दाम उशिरा द्यायची, मेलमधून नाव काढायचं, तुम्ही केलेलं काम स्वतःच्या नावावर क्लायंटपुढे मांडायचं आणि विचारलं की ‘तू फार मनाला लावून घेतेस’ म्हणायचं. यात दाखवायला काही हाती लागत नाही, त्यामुळे माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो.

काही गोष्टी मात्र एकदा घडल्या तरी पुरे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या इंग्रजीची मीटिंगमध्ये नक्कल करणं. आडनाव ऐकून ‘कोटा’बद्दल शेरा मारणं. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला ‘आता तुला हलकंच काम देऊ’ म्हणत तिचा प्रोजेक्ट दुसऱ्याला देणं. कामाचा ताण कितीही असो, त्यातून यातलं काहीही आपोआप उद्भवत नाही. हे करणारा माणूस ते ठरवून करत असतो आणि ऑफिस ते चालू देत असतं.

## रात्री दहानंतर फोन येतात, शनिवारीही लॉगिन करावं लागतं. कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा ठरली. त्यापलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्याला आणि कायदा लागू होण्यासाठीची कर्मचारीसंख्या १० वरून २० करण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेवढेच राहिले. व्यवस्थापकीय पदावरच्यांना तासांची ही मर्यादा लागू होत नाही. म्हणूनच काही कंपन्या दोन वर्षांच्या अनुभवावरच ‘मॅनेजर’ अशी पाटी देतात. पदाचं नाव काय आहे यापेक्षा तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता, हे अशा वादात महत्त्वाचं ठरतं.

फोनबद्दल माझं मत असं: सर्व्हर बंद पडला म्हणून महिन्यातून एकदा रात्री फोन आला तर तो नोकरीचा भाग आहे. सकाळी विचारता आलं असतं ते रोज रात्री विचारणं आणि उत्तर आलं नाही की सकाळी ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘काही लोक झोपेतच असतात’ असं लिहिणं, हा धाक आहे.

## खडतर पण सभ्य ऑफिस माणसाला आजारी पाडू शकतं का?

हो, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. ‘आमचे साहेब चांगले आहेत’ म्हणून शरीर सवलत देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या ऑडिट कंपनीत लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. मृत्यूचं कारण कामाचा ताण आहे हे कंपनीने मान्य केलं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. त्या पत्रानंतर कित्येक आईवडिलांनी आपल्या मुलांना ‘तू घरी किती वाजता येतोस’ हे पहिल्यांदा गांभीर्याने विचारलं.

रॉबर्ट करासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगी आहे. नुसत्या कामाच्या बोज्यापेक्षा ‘बोजा भरपूर आणि हातात काहीच नाही’ ही जोडी जास्त घातक असते. काम कसं करायचं, आधी काय घ्यायचं, कधी थांबायचं, यातलं थोडं जरी तुमच्या हातात असेल तर तेवढाच बोजा सुसह्य होतो. कॉल सेंटरमध्ये पाणी प्यायला उठण्याची मिनिटंसुद्धा मोजली जातात. तिथली मुलं आठ तासांत जेवढी पिळवटून निघतात, तेवढा स्वतःच्या दुकानात बारा तास बसणारा माणूस दमत नाही, त्याचं कारण यातच आहे.

## मला पीआयपीवर टाकलंय. हा छळ आहे का?

असेलच असं नाही. पीआयपी म्हणजे काम कमी पडतंय म्हणून ते सुधारायला ठरावीक मुदत देणारी योजना. खऱ्या पीआयपीत मोजता येईल असं उद्दिष्ट लेखी असतं, मुदत असते, दर आठवड्याला कुणीतरी बसून प्रगती बघतं आणि तो पार पाडून पुढे बढती मिळवलेले लोक ऑफिसात सापडतात. खोट्या पीआयपीत ‘ओनरशिप दाखव’, ‘प्रोॲक्टिव्ह हो’ अशी उद्दिष्टं असतात. ती गाठलीस की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याला तुम्ही नको आहात तोच. आधीच्या ॲप्रेझलला चांगले शेरे असताना, तुम्ही कशाबद्दल तरी तक्रार केल्यानंतर अचानक पीआयपी आला असेल, तर तारखा शेजारी शेजारी लिहून बघा.

बंद खोलीत बसवून ‘आत्ताच राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू’ असं म्हणत असतील, तर तिथे सही करू नका. ‘मला हे मेलवर पाठवा, मी वाचून उत्तर देते’ एवढंच म्हणा आणि उठा. असं म्हणणं हा तुमचा हक्क आहे.

## दोष माझ्यातच असेल तर?

हा प्रश्न प्रामाणिक माणसंच विचारतात, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर देते. पहिली नोकरी असेल तर पहिलं वर्ष बहुतेकांना जडच जातं. कॉलेजात चूक झाली तर मार्क जातात, इथे क्लायंट फोन करतो. तो धक्का ओसरायला वेळ द्या.

मग काही गोष्टी तपासा. तुमच्या खुर्चीवर तुमच्या आधी असलेले दोघं-तिघं किती दिवस टिकले? ते आता दुसरीकडे कसे आहेत? तुम्ही मागच्या नोकरीत कसे होता? तुमच्याच साहेबांच्या हाताखाली काम करून मोठं झालेलं कुणी आहे का? आधीचे तिघंही वर्षाच्या आत गेले आणि तिघंही दुसरीकडे छान काम करत असतील, तर दोष खुर्चीवर बसणाऱ्याचा नाही.

आणखी एक. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलं. त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिसरी खूण नीट वाचा. ‘मीच कुचकामी आहे’ ही भावना थकव्यातूनही येते.

## एचआरकडे जावं का?

जावं, पण काय मिळणार हे ठाऊक असूद्या. एचआरचा पगार कंपनी देते. टीम बदलून देणं, रजा मंजूर करून घेणं, पीआयपीची भाषा तपासणं, वरिष्ठांना समज देणं, हे चांगलं एचआर करू शकतं. तुमच्या साहेबांचा वरच्यांवर वशिला असेल तर त्यांना हलवणं बहुधा त्याच्याही हातात नसतं. जाताना ‘वातावरण खराब आहे’ असं बोलू नका. अमुक तारखेला, अमुक मीटिंगमध्ये, या लोकांसमोर हे शब्द वापरले, असं सांगा. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी ‘आज आपलं जे बोलणं झालं त्याप्रमाणे’ असा मेल टाका.

लैंगिक छळाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे २०१३ चा केंद्रीय कायदा आहे, ज्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालात आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी लोक असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ‘आपण आपसात मिटवू’ असं कुणी म्हणालं तरी तक्रार द्यायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचं.

## पुरावे कसे ठेवायचे?

साधी वही पुरे. तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिहा. स्वतःच्या पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, ॲप्रेझलची पत्रं घरी ठेवा. कंपनीच्या फाइली, क्लायंटची माहिती किंवा कोड मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. पुरावा म्हणून पाठवलेली एक फाइल कंपनीला तुमच्यावर कारवाई करायला आयतं कारण देते.

## घराचा हप्ता आहे. लगेच सोडता येत नाही. मग?

बहुतेकांची हीच स्थिती असते. ‘सोडून दे’ म्हणणाऱ्याला हप्ता भरायचा नसतो. आधी कंपनीतल्या कंपनीत दुसऱ्या टीममध्ये जाता येतं का ते पाहा. त्रास एका माणसापुरता असेल तर तेवढ्यानेही सुटतो. आयटीत नोटीस पिरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो, म्हणून शोध अगदी सहन होईनासं होण्याआधीच सुरू करा. खचलेल्या मनाने दिलेली मुलाखत लगेच कळते. दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकत राहा. तीन महिन्यांचा खर्च हाताशी आला की त्याच साहेबांपुढे उभं राहताना पाठ सरळ होते.

घरी सांगा. ‘मिळालेली नोकरी सोडू नकोस’ असं वडील म्हणतील, कारण त्यांच्या काळी नोकरी हातची गेली की दुसरी मिळायला वर्षं लागायची. त्यांना ‘स्ट्रेस आहे’ एवढ्याने काही कळणार नाही. काल मीटिंगमध्ये काय म्हणाले ते शब्दशः सांगा. बहुतेक वडील त्यावर ‘सोड’ म्हणतात.

झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हप्त्याचा हिशेब थांबवा आणि आधी डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

## राजीनामा दिला, पण रिलीव्हिंग लेटर अडवून धरलंय.

रिलीव्हिंग लेटर म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं जुन्या कंपनीचं पत्र. ते नसेल तर राजीनाम्याचा मेल, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी, फॉर्म १६ आणि पीएफच्या पोर्टलवरचा सेवेचा इतिहास, एवढ्यावर अनेक नव्या कंपन्यांचे एचआर समाधान मानतात. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हालाच टाकता येते.

## मी स्वतः टीम लीड आहे. माझ्यामुळेच तर नाही ना?

वरून क्लायंटचा दट्ट्या, खाली दहा जण, मध्ये तुम्ही. अशात तोंडून वाकडं निघतं. ज्याला बोललात त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊन ‘काल मी जास्त बोलले’ म्हणता येतं का ते बघा. आणि टीममधला सगळ्यात ज्युनिअर मुलगा तुम्हाला शेवटचं कधी ‘नाही’ म्हणाला ते आठवा. आठवत नसेल तर पुढच्या मीटिंगमध्ये तारीख तुम्ही जाहीर करू नका, त्याला विचारा आणि त्याने सांगितलेली तारीख क्लायंटला कळवा.

## नव्या ठिकाणी मुलाखतीतच हे ओळखता येईल का?

बरंचसं येतं. ‘या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले?’ हे सरळ विचारा. ‘मागची डेडलाइन हुकली तेव्हा काय केलंत?’ हेही विचारा. चांगला वरिष्ठ एखादा किस्सा सांगेल, त्यात स्वतःचीही चूक सांगेल. ‘आमच्याकडे डेडलाइन हुकतच नाही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. मुलाखत घेणारा हाताखालच्या माणसाशी तुमच्यासमोर कसा बोलतो ते ऐका. मुलाखतीच्या वेळा रविवारच्या किंवा रात्री नऊनंतरच्याच येत असतील तर ते लक्षात ठेवा. ऑफर लेटरमध्ये बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट), नोटीस पिरियड आणि ‘कामाच्या गरजेनुसार तास’ हे कलम नीट वाचा. मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ म्हणणाऱ्या कंपनीत जाऊ नका. आणि होकार देण्याआधी, त्या टीममधून गेल्या वर्षभरात बाहेर पडलेला कुणी ओळखीत निघतो का ते शोधून त्याला फोन करा.